व्हायकिंगांच्या पंगतीत आई

तर मंडळी, आधी शिंगांचं बोलून टाकू.

व्हायकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिंगवालं शिरस्त्राण घातलेला, लालभडक दाढीचा, हातात कुऱ्हाड परजणारा एक दांडगोबा उभा राहतो. गंमत अशी की खऱ्या व्हायकिंगांच्या टोपाला शिंगं नव्हतीच. १९४३ साली नॉर्वेत येर्मुन्दबू नावाच्या ठिकाणी त्या काळातलं एक शिरस्त्राण तुकड्यातुकड्यांत सापडलं. जोडून पाहिलं तर अगदी साधं, गोल, बिनशिंगाचं! डेन्मार्कमध्ये शिंगवाले टोप सापडलेत खरे, पण ते कांस्ययुगातले, म्हणजे व्हायकिंगांच्या सतराएकशे वर्षं आधीचे. मग ही शिंगं उगवली कुठून? तर १८७६ साली जर्मनीत वाग्नरची ऑपेरांची मालिका रंगमंचावर आली, तिच्या वेशभूषाकाराने काही पात्रांच्या डोक्यावर शिंगं चढवली, आणि ती जी चिकटली ती चिकटलीच.

कवटीतून दारू पिण्याचंही तसंच. एका जुन्या कवितेत 'कवटीच्या वाकड्या फांद्या' असं वर्णन होतं. म्हणजे साधी जनावराची शिंगं, पेल्यासारखी वापरायची. १६३६ साली छापलेल्या लॅटिन भाषांतरात त्याचं झालं 'शत्रूंच्या कवट्या'! एका भाषांतराने अख्ख्या जमातीला पुढची चारशे वर्षं बदनाम केलं. भाषेचं हे असं असतं.

ही सगळी माहिती मी २०१७ साली गोळा केली, कारण आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना व्हायकिंगांचं वेड लागलं होतं. आम्ही स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला राहतो. त्या उन्हाळ्यात आई रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि जूनमध्ये पाच दिवस आइसलँडला जायचं ठरलं. राहायचं कुठे, हे चिरंजीवांनी इंटरनेटवरचे फोटो बघून ठरवून टाकलं. हॉटेल व्हायकिंग, मुक्काम हाफ्नारफ्योर्दुर. (हे नाव तोंडात बसायला दोन दिवस लागले. आईने पहिल्या दिवशीच त्याचं 'हापूसनगर' करून टाकलं आणि आमच्या घरात ते अजून तेच आहे.)

हे गाव राजधानी रेक्याविकपासून दहाएक किलोमीटरवर, बंदराला लागून. साताठ हजार वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला, त्याच्यावरच गाव वसलंय. घरांच्या मधूनच काळे, शेवाळलेले कातळ वर आलेले दिसतात. आई म्हणाली, "हा तर आपला जांभा. नुसता काळा पडलाय." या कातळांत 'लपलेली माणसं' राहतात अशी तिथल्या जुन्या लोकांची श्रद्धा. आईला हे मुळीच नवल वाटलं नाही. "राखणदार असणारच की प्रत्येक जागेला," म्हणाली, आणि एका मोठ्या कातळाला जाता जाता नमस्कार करून मोकळी झाली.

हॉटेलच्या शेजारीच त्यांचं रेस्टॉरंट, फ्योरुक्राइन. १९९० साली सुरू झालेलं. छपराच्या टोकांना लाकडी ड्रॅगनची तोंडं, आत कोरीव खांब, भिंतींवर ढाली, बाकांवर कातडी, लांबच लांब टेबलं. वाढपी मंडळी अंगरखे घालून, पट्टे बांधून फिरत होती आणि वाढता वाढता मधेच गाणी म्हणत होती. चिरंजीव तर दारातच गार! माझ्या मनात मात्र आधी वाचलेलं घोळत होतं. 'व्हायकिंग' हा मुळात धंदा, जात नव्हे. बहुतेक माणसं साधी शेतकरी होती, मेंढरं पाळणारी. समुद्रावर लुटीला जायचे ते थोडे. मी हे नवऱ्याला समजावून सांगायला लागले, तर आई मधेच म्हणाली, "अगं, आपल्याकडे नाही का, लग्नात भाड्याने मावळे आणतात? तुतारीवाला आणि चार फेटेवाले. दुसऱ्या दिवशी तेच बिचारे दुसऱ्या लग्नात. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तुतारी वाजली की अंगावर काटा येतोच ना? मग झालं तर."

मी गप्प बसले. बेचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईपुढे कोण बोलणार!

आता जेवणाविषयी. मी काळजीत होते की आई काय खाणार. तसे आम्ही मासेवाले, पण आईचे वार असतात. नशिबाने तो बुधवार निघाला. सुरुवातीलाच आला हार्दफिस्कुर, म्हणजे वाऱ्यावर कडकडीत सुकवलेला मासा, सोबत लोणी. आईने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, डोळे बारीक केले. "बोंबील समज. फक्त भाजायचा राहिलाय." मग दोन तुकडे आणखी घेतले.

त्यानंतर आला तो जगप्रसिद्ध हाउकार्ल. ग्रीनलँड शार्कचं मांस ताजं खाल्लं तर विषारी, म्हणून ते आधी कित्येक आठवडे पुरून आंबवायचं आणि मग काही महिने टांगून सुकवायचं. त्याचे लहान लहान चौकोनी तुकडे, टूथपिकला टोचून. वास म्हणाल तर अमोनियाचा, नाकातून थेट मेंदूत. त्याच्याबरोबर घोटभर ब्रेन्निविन, शहाजिऱ्याच्या वासाची दारू. नवऱ्याने शौर्य दाखवलं आणि पुढची पाच मिनिटं तो कोणाशी बोलला नाही. आईने नुसता वास घेतला. "ही मोरी ना? मोरी अशी कुजवून कोण खातं? एवढी मोठी मोरी मिळाली असती तर तिखलं केलं असतं." मग जरा विचार करून म्हणाली, "पण यांच्याकडे मिरची कुठली आणि कोकम कुठलं. बिचारे. जे होतं त्यात भागवलं."

हे 'जे होतं त्यात भागवलं' मला पुढे फार आठवलं.

शेवटी गोड म्हणून स्कीर आलं. आईने चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहराच उजळला. "अगं, हा तर चक्का!" खरंच चक्का. पाणी काढून घट्ट केलेलं आंबट दूध. आइसलँडच्या जुन्या सागांमध्येही याचा उल्लेख येतो, म्हणजे हजारएक वर्षं हे लोक चक्का खात आलेत, आणि श्रीखंडापर्यंत काही पोचले नाहीत! आईने पर्समधून पुडी काढली. तिच्या पर्समध्ये वेलदोड्याची पूड असते. का असते ते विचारू नये. साखर मागवली, घोटलं, वेलची घातली, आणि व्हायकिंगांच्या त्या दालनात आम्ही चौघांनी श्रीखंड खाल्लं.

हे घोटणं चालू असताना आई चिरंजीवांशी बोलत होती. म्हणजे ती मराठीत बोलत होती आणि तो स्वीडिशमध्ये उत्तरं देत होता. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या घरी हे दृश्य नवं नाही. मराठी सगळी कळते, पण तोंडातून येते ती शाळेतली भाषा. आईला स्वीडिश येत नाही, मग मधे मी दुभाषी. आजी नातवाला म्हणते "साखर विरघळली का बघ," नातू मला सांगतो, मी आजीला सांगते. आई आल्यापासून हे असंच चाललेलं. आईने एकदाही तक्रार केली नव्हती, पण एका रात्री मला म्हणाली होती, "त्याच्याशी बोलते तेव्हा मला फोनवर बोलल्यासारखं वाटतं. मधे कोणीतरी ऑपरेटर असल्यासारखं."

आम्हाला वाढणारी मुलगी कॉलेजात शिकत होती, सुट्टीत हे काम करायची. ती बराच वेळ बघत असावी. ताटं उचलताना तिने इंग्रजीत विचारलं, "ही कुठली भाषा?" मी सांगितलं. मग तिने विचारलं, "आणि मुलगा दुसरीच बोलतो?" मी म्हटलं, "हो, स्वीडिश." ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे मेल्कोर्काच्या उलट."

कोण मेल्कोर्का? तिने जे थोडक्यात सांगितलं आणि मी परत आल्यावर जे वाचलं, ते मिळून सांगते.

तेराव्या शतकात लिहिलेली एक 'लाक्सदाइला सागा' आहे. तिच्यात होस्कुल्दुर नावाचा आइसलँडमधला एक बडा शेतकरी लाकूड आणायला म्हणून बाहेर पडतो. वाटेत एका बेटावर मोठा मेळावा भरलेला असतो. तिथे गिल्ली नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या तंबूत हा जातो आणि म्हणतो, मला एक दासी विकत घ्यायचीय. व्यापारी पडदा बाजूला करतो. आत बारा बायका ओळीने बसलेल्या. अगदी कडेला फाटक्या कपड्यांतली एक. होस्कुल्दुर तिची किंमत विचारतो. तीन मार्क चांदी, म्हणजे बाकीच्यांच्या तिप्पट. वर व्यापारी इमानदारीने सांगतो, हिच्यात एक खोट आहे बरं का, ही मुकी आहे. तरी तो तिला विकत घेतो आणि घरी आणतो. घरी बायको आहेच. पुढे या दासीला मुलगा होतो, ओलाफुर. मुलगा दोन वर्षांचा होतो. आणि एका सकाळी होस्कुल्दुर शेतावर फिरत असताना त्याला कोणीतरी बोलताना ऐकू येतं. ओढ्याकाठी जाऊन बघतो तर ती 'मुकी' बाई आपल्या मुलाशी बोलत बसलेली असते!

मग ती सांगते, माझं नाव मेल्कोर्का. माझा बाप आयर्लंडमधला राजा. पंधरा वर्षांची असताना मला पकडून नेलं.

ही गोष्ट ती मुलगी उभ्या उभ्या, हातात आमची खरकटी ताटं घेऊन सांगत होती आणि मी आईसाठी मराठीत करत होते. आईच्या हातातला चमचा थांबला. "म्हणजे एवढी वर्षं ती कोणाशी बोललीच नाही?" मग भिंतीवरच्या त्या ढालींकडे आणि कुऱ्हाडींकडे बघत तिने विचारलं, "हिच्यासारख्या किती असतील गं?"

त्याचं उत्तर मला नंतर सापडलं. परंपरेप्रमाणे आइसलँडमध्ये कायमची वस्ती केली ती इंगोल्फुर आर्नार्सन याने, ८७४ साली. २००० सालाच्या सुमाराला आजच्या आइसलँडवासीयांच्या जनुकांवर संशोधन झालं. बापाकडून मुलाकडे येणारा वारसा पाहिला तर मूळ पुरुषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश नॉर्वेच्या बाजूचे निघाले. आईकडून येणारा वारसा पाहिला तर मूळ बायकांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूच्या. सगळ्याच काही दासी नसतील. लग्न करून आलेल्या असतील, कुटुंबाबरोबर आलेल्या असतील. पण पुष्कळशा पकडून आणलेल्या असणार. म्हणजे आख्ख्या देशाचं आजोळ आयर्लंड-स्कॉटलंडकडे, आणि देशात बोलली जाणारी भाषा मात्र बापांची. आजोळची भाषा राहिली ती थोड्या माणसांच्या आणि जागांच्या नावांत.

त्या रात्री आईला झोप लागेना. एक तर तिथे जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि तीनच्या सुमाराला परत हजर. आई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. तिथे तिला दिवेलागणीची वेळच सापडेना. शेवटी घड्याळात सात वाजले की लख्ख उन्हात ती हात जोडायची. रात्री अकराला पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात बसून ती मला म्हणाली, "पुढे काय झालं त्या मुलाचं?"

मग मोबाइलवर शोधून शोधून मी तिला पुढची गोष्ट सांगितली. होस्कुल्दुरच्या बायकोचं आणि मेल्कोर्काचं पटेना. एकदा मारामारी झाली, मालकिणीने पायमोज्यांनी मारलं तर हिने उलट तिच्या नाकावर ठोसा दिला, रक्त आलं. ("बरं केलं!" इति आई.) मग होस्कुल्दुरने तिला वेगळं शेत दिलं, घर दिलं. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर आईने त्याला आयर्लंडला धाडला. बरोबर एक सोन्याची अंगठी दिली. तिला पहिला दात आला तेव्हा तिच्या बापाने दिलेली. ओलाफुरचं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं, तिथले लोक हल्ला करायच्या तयारीने आले, तेव्हा हा त्यांच्याशी आयरिशमध्ये बोलला. राजा आला, त्याने अंगठी पाहिली, बोलणं ऐकलं, आणि हा आपला नातू हे त्याला पटलं.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अंगठीचं काय गं, अंगठी कोणीही चोरून आणील. बोलला म्हणून ओळखलं त्याला."

साग्यांमधलं सगळंच काही इतिहास नव्हे. मेल्कोर्का खरीच होऊन गेली की गोष्ट रंगवायला आली, त्याचा पुरावा कोणी देऊ शकत नाही. लिहिणारा तिच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. पण ज्याने कोणी ते ओढ्याकाठचं दृश्य लिहिलं, त्याला आई आणि मूल एकमेकांशी कसं बोलतात ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आईने एक गोष्ट सुरू केली. चिरंजीवांना ती मेल्कोर्काची कथा सांगू लागली. थोडी सागेतली, बरीचशी स्वतःची. तिची मेल्कोर्का नऊवारी नेसत नव्हती एवढंच! गोष्ट रोज नेमकी रंगात आली की थांबायची, आणि आई विचारायची, "पुढे काय झालं असेल, सांग बघू?" तो स्वीडिशमध्ये सांगायला लागायचा. आई माझ्याकडे बघायचीच नाही. मी बोलायला तोंड उघडलं की हातानेच गप्प करायची. "मला कळलं नाही हो," त्याला म्हणायची, "परत सांग." रागावणं नाही, 'मराठीत बोल' असा उपदेश नाही. खरंच कळलं नव्हतं तिला, तेवढंच. तिसऱ्या दिवशी बसमधून जाताना तो जीव तोडून म्हणाला, "आज्जी, ती पळून जाते! बोटीत बसते!" आईने डोळे मोठे करून विचारलं, "होऽऽ? कुठली बोट?"

मराठीच्या पुस्तकांनी, गाण्यांच्या सीडींनी, माझ्या तक्त्यांनी जे झालं नव्हतं ते एका म्हाताऱ्या बाईला स्वीडिश येत नसल्यामुळे झालं. यापेक्षा मोठं क्वालिफिकेशन नसेल!

आणि आता सगळ्यात गमतीचा भाग. गॉथेनबर्गला परत आल्यावर मी सागेचं इंग्रजी भाषांतर काढून वाचलं. तो दासींचा बाजार भरला होता ते बेट कुठलं? सागेत नाव आहे ब्रेन्नेयार. अभ्यासक म्हणतात ते म्हणजे ब्रेन्नो. आमचं ब्रेन्नो! गॉथेनबर्गच्या दक्षिणेकडच्या बेटांपैकी एक. ट्रॅमने साल्टहोल्मेनला जायचं, तिथून फेरीबोट, वीसएक मिनिटांत बेट. मोटारींना बंदी, त्यामुळे मुलं सायकली दामटत असतात. उन्हाळ्यात आम्ही तिथे डबे घेऊन जायचो. ज्या पाण्यात चिरंजीव खेकडे पकडायचे, तिथेच कुठेतरी तो पडदा बाजूला झाला असणार.

ऑगस्टमध्ये, आई परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही गेलो. आम्ही फिरलो त्या काठावर तरी तंबू नाही, पाटी नाही, पुतळा नाही. गुळगुळीत कातळ, लालभडक बोटीची घरं, पोहणारी माणसं. हॉटेलात सगळं होतं, ढाली, ड्रॅगन, कातडी. आणि जिथे गोष्ट घडली असं म्हणतात तिथे काहीच नव्हतं. आई कातळावर बसली. खूप वेळ समुद्राकडे बघत होती. मग तिने नातवाला विचारलं, "तिला काय वाटत असेल रे इथे बसून?" तो खेकड्याची दोरी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "बोलायचं असेल. पण कोणालाच कळणार नाही, म्हणून नाही बोलली."

आईने माझ्याकडे बघितलं. मी काही भाषांतर केलं नाही. करायची गरजच नव्हती.

असो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चिरंजीवांना मिसरूड फुटलंय, व्हायकिंगांचं वेड केव्हाच गेलं. आजीशी दर रविवारी फोन होतो, मधे ऑपरेटर लागत नाही. त्याच्या मराठीत व्याकरणाच्या चुका ढीगभर. 'ती टेबल', 'माझा खिडकी' वगैरे. पण गंमत म्हणजे त्याला रत्नागिरीचा हेल आहे, जो माझ्या बोलण्यातून पुण्यात शिकतानाच निघून गेला होता. शार्कला तो मोरी म्हणतो. स्वीडिश मित्रांसमोरसुद्धा.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बाजारातून मासे आणायला आम्ही दोघेच गेलो. मी मागे कोणाशी तरी बोलत राहिले आणि हा पुढे जाऊन एका मासेवालीपाशी उभा राहिला. ताडमाड उंच, केस वाढवलेले, पायात ते कसलेसे बूट. तिने हिंदीत भाव सांगितला. हा मराठीत म्हणाला, "एवढं महाग? मग मोरी काय भावाने?"

ती बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "पुन्हा बोल रे," म्हणाली. तो बोलला. मग ती शेजारणीला कोपराने ढोसत हसायला लागली आणि त्याला म्हणाली, "तू बाईंचा नातू ना? मला चौथीला होत्या बाई. अगदी तशाच बोलतोस."

पापलेट मात्र तिने एक रुपयाही कमी लावलं नाही.